नावात राम असलेलं गाव

"टिटलिस केलंत?" आमच्या शाखेचे हेड कॅशियर नोटांची गड्डी मोजता मोजता, तोंड वर न करता म्हणाले.

"नाही."

"युंगफ्राऊ?"

"नाही."

गड्डी थांबली. हेड कॅशियरांच्या हातातली गड्डी मध्येच थांबलेली मी एकोणीस वर्षांच्या नोकरीत फक्त दोनदा पाहिली आहे. एकदा २०१६ साली नोटाबंदीत, आणि एकदा ही.

"अहो, मग आल्प्समध्ये जाऊन केलंत काय?"

"पडलो," मी म्हणालो.

हे उत्तर मी विनोद म्हणून दिलेलं नव्हतं. पण गेली चोवीस वर्षं मी दिवाळी अंकांतून थोडंफार लिहितो असा माझ्यावर आरोप असल्यामुळे शाखेत माझं कुठलंही वाक्य गंभीरपणे घेतलं जात नाही. हेड कॅशियर हसले, गड्डी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, आणि संध्याकाळपर्यंत शाखेत बातमी पसरली की आमचे हे सात लाख रुपये खर्चून युरोपात गेले आणि काहीही न करता परत आले. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून सहानुभूती व्यक्त केली. कर्ज हवं असलं तर सांगा, म्हणाले. म्हणून हा लेखी खुलासा.

मुळात मला 'करणं' या क्रियापदाशीच भांडायचं आहे. आपल्या लोकांना गाव 'करायची' खोड फार जुनी. आजोबांनी काशी केली, वडिलांनी अष्टविनायक केले, आता आम्ही स्वित्झर्लंड करतो. पण काशी करणारा निदान आठ दिवस तिथे राहायचा, पंड्याशी हुज्जत घालायचा, पोट बिघडवून घ्यायचा. गावाची आणि त्याची ओळख व्हायची. आता टिटलिस करणारा माणूस सकाळी बसमधून उतरतो, गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसून तीन हजार मीटरांवर जातो, तिथे शाहरुख खान आणि काजोल यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमेशेजारी उभा राहून फोटो काढतो, मूठभर बर्फ बायकोच्या अंगावर टाकतो (हे सक्तीचं असावं, कारण प्रत्येक अल्बममध्ये असतं) आणि साडेबाराला जेवायला खाली हजर. युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटर उंचीवर रेल्वे स्टेशन आहे. ती रेल्वे १९१२ साली डोंगराच्या पोटातून वर नेली. खोदणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण आपला माणूस परत आल्यावर सांगतो काय, तर वर भारतीय जेवण मिळतं. जेवण तर डोंबिवलीतही मिळतं.

आता तुम्ही म्हणाल, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. तर तसं नाही. आम्हीही आधी माहितीपत्रकच आणलं होतं. अकरा दिवस, सात देश, रोज पोहे-उपम्याचा नाश्ता. आमच्या घरातली पाच माणसं ते माहितीपत्रक मध्ये ठेवून बसली होती: मी, सौ., चिरंजीव (वय तेरा), कन्या (वय दहा) आणि सासूबाई. सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, नऊ वर्षं म्युनिकला नोकरी करतो. लग्न केलेलं नाही. दोन वर्षांतून एकदा दोन आठवडे येतो. त्यातले दोन दिवस दाताच्या डॉक्टरकडे, तीन दिवस लोकांच्या लग्नांत आणि एक पूर्ण दिवस, सांगायला लाज वाटते, आमच्याच बँकेत केवायसीसाठी जातो. सासूबाईंनी चष्मा लावला, माहितीपत्रकावरून बोट फिरवलं आणि एकच प्रश्न विचारला.

"यात माझा मुलगा किती वेळ आहे?"

आम्ही पाहिलं. म्युनिकला दुपारच्या जेवणासाठी दीड तास होता. त्यात शहरदर्शनही धरलेलं होतं.

सौ. ने माहितीपत्रकाची घडी घातली आणि डब्याच्या फळीवर कागद म्हणून अंथरली.

मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, जानेवारीत या. ख्रिसमसची गर्दी सहा तारखेला संपते. फेब्रुवारीत शाळांना पुन्हा सुट्ट्या लागतात. मधल्या दिवसांत सगळं स्वस्त असतं. डोंगरात एक छोटं गाव आहे, तिथे एक घर भाड्याने घेऊ, स्वैपाकघरासकट. पोरांना स्कीइंग शिकवतो."

"स्कीइंग?" मी म्हणालो. "अरे, ते कुठल्या तरी राजघराण्यातल्या लोकांचं..."

"इथे पोस्टमनपण करतो," मेहुणा म्हणाला.

हे वाक्य मी वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने बराच वेळ तपासलं. आपल्या डोक्यात स्कीइंग म्हणजे झेरमाट, सेंट मॉरिट्झ, किट्झब्यूल; फरचे कोट, काळे चष्मे आणि मागे वाट पाहणारी गाडी. खर्चाचा आकडाही तसाच. ऑस्ट्रियातल्या मोठमोठ्या ठिकाणी एका दिवसाचा लिफ्टचा पास आता सत्तर युरोंच्या पलीकडे गेला आहे. युरो शंभर रुपयांचा धरा. आम्हा नवराबायकोचे चार दिवसांचे नुसते लिफ्टचेच छप्पन्न हजार. मुलांना सवलत असते, ती त्यांच्या बुटांच्या भाड्यात जाते.

बरं, त्या पैशांत मिळतं काय? फ्रान्समध्ये 'तीन दऱ्या' नावाचा एक प्रचंड प्रदेश आहे, एकमेकांना जोडलेल्या सहाशे किलोमीटर उतारांचा. सहाशे किलोमीटर! मुंबई ते गोवा! आणि त्यातलं मी वापरणार किती? माझा अनुभव सांगतो, साठ फूट. तेही आडवा. म्हणजे गोव्याचं पूर्ण तिकीट काढायचं आणि दादर टीटीला गाडीच्या पायरीवरूनच खाली पडायचं. ज्यांना येतं त्यांनी तिकडे जरूर जावं, माझी तक्रार नाही. पण ज्याला पडायचंच आहे त्याने पडण्याचा दर मीटरमागे काढावा. पडायला लागणारा बर्फ सगळीकडे सारखाच थंड असतो.

आमच्या हेड कॅशियरांनी इथे एक मुद्दा काढला, तो मान्य करायला हवा. "मग औलीला जायचं होतंत. एलटीसी तरी मिळाली असती." बरोबर आहे. एके काळी बँकेतली माणसं एलटीसीत परदेशसुद्धा बसवत. एका गाजलेल्या खटल्यात तर कागदावर मदुराईला निघालेले लोक कोलंबो, क्वालालंपूर आणि सिंगापूर करून दिल्लीला परतल्याचं निघालं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं की बाबांनो, एलटीसी भारतातल्या प्रवासाला असते, आणि सर्वांत जवळच्या रस्त्याने. भूगोलाचा इतका स्पष्ट निकाल दुसरा नसेल. तेव्हा आमची मुदत ठेव मोडली. मुलीच्या नावाची नव्हे, माझ्या नावाची, जी मी एका स्कूटरसाठी ठेवली होती. पण औलीला मेहुणा नाही, हा माझा मुद्दा राहतोच.

तर गाव. गावाचं नाव रामसाऊ. हेड कॅशियर म्हणाले होते, "असल्या नाव नसलेल्या गावांत काय राम असतो?" म्हटलं, साहेब, नावातच आहे.

हे जर्मनीच्या अगदी आग्नेय टोकाला, बेर्ख्टेसगाडेनजवळ. म्युनिकहून आम्ही गेलो ते बव्हेरियाच्या एकदिवसीय रेल्वे तिकिटावर. हे तिकीट म्हणजे जर्मन माणसाने मध्यमवर्गाला दिलेली ओवाळणी आहे. एका तिकिटावर पाचजणांपर्यंत माणसं, आणि आपली पंधरा वर्षांखालची पोरं फुकट. अट एकच, आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर निघायचं, आणि जलद गाड्यांत बसायचं नाही. आम्ही जलद गाडीत बसणार नव्हतोच. सासूबाईंनी फ्रायलासिंगला गाडी बदलेपर्यंत शेंगदाण्याचे लाडू संपवले होते.

ऑस्ट्रियाच्या गिर्यारोहक मंडळाने २००८ साली एक योजना काढली. ज्या गावांनी मोठी हॉटेलं, मोठे पाळणे, डोंगर पोखरणं वगैरे नाकारलं, त्यांना 'गिर्यारोहकांचं गाव' असा किताब द्यायचा. जर्मनीतलं पहिलं असं गाव म्हणजे रामसाऊ, २०१५ साली. पलीकडे ऑस्ट्रियात इन्नरफिलग्राटेन म्हणून गाव आहे, त्यांची जाहिरातच अशी की आमच्याकडे या, आमच्याकडे काहीही नाही. ही जाहिरात वाचून मला भरून आलं. आमच्याकडे कुठल्याही ओसाड माळावर चार खोल्या बांधल्या की 'सर्व सोयींनी युक्त, सात दृश्यबिंदू' अशी पाटी लागते. त्यात एक आत्महत्येचा कडा असतोच.

रामसाऊला एक चर्च आहे, १५१२ सालचं, पुढे ओढा, ओढ्यावर लाकडी साकव, मागे डोंगर. कॅलेंडरवर असतं तसं. म्हणजे कॅलेंडरवाल्यांनी तिथूनच घेतलं असावं. आणि समोर वात्समान, २,७१३ मीटर. त्याची दंतकथा मेहुण्याने पोरांना सांगितली. हा वात्समान एक क्रूर राजा होता. रयतेला छळलं म्हणून तो बायकामुलांसकट दगड झाला. मोठं शिखर तो, शेजारचं बायको, मधली छोटी पोरं. "सहकुटुंब सहपरिवार," सौ. म्हणाली. "एकट्यालाच करायला काय झालं होतं?" नवऱ्याच्या पापात बायकोचा संयुक्त खात्यासारखा हिस्सा का, हा प्रश्न तिने पुढे तीन दिवस लावून धरला होता.

गावाच्या वर होखश्वार्त्सएक नावाचा उतार आहे. सगळा मिळून दीड टेकडी. एक दोन-दोन खुर्च्यांची लिफ्ट, काही ओढ्या लिफ्ट, एक घसरगाडीची वाट. पास मोठ्या ठिकाणांच्या निम्म्याच्या आसपास. पोरांना मेहुण्याने अर्ध्या तासात उभं केलं. तिथल्या मास्तरणीबाई मुलांना 'पिझ्झा, पिझ्झा' असं ओरडून शिकवत होत्या. म्हणजे पायांच्या पट्ट्या पुढे जोडायच्या आणि मागे फाकवायच्या, पिझ्झाच्या तुकड्यासारख्या, की वेग कमी होतो. आमच्या कन्येला भाषा येत नव्हती, पिझ्झा येत होता. दुपारपर्यंत ती एकटी खाली येऊ लागली. मी मात्र पिझ्झा करायला जायचो आणि पापड व्हायचा.

त्या बुटांविषयी एक शब्द. दोन्ही पाय एकदम मोडलेल्या माणसाला प्लास्टर घालून 'आता नाच' म्हणावं, तसे ते बूट असतात. ते घालून मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा मला प्रथमच कळलं की हत्ती इतका शांत का असतो.

पण खरी परीक्षा ती ओढी लिफ्ट. उलट्या नांगरासारखा एक दांडा वरून येतो, त्याच्या दोन बाजूंना दोन माणसांनी उभं राहायचं, दांडा मांड्यांच्या मागे टेकवायचा आणि तो ओढेल तसं सरकायचं. त्यावर बसायचं नाही. मेहुण्याने हे तीनदा सांगितलं. पण आमचा जन्म बसण्यात गेलेला. मागून काहीतरी टेकलं की आम्ही बसतो. मी बसलो. दांडा खाली गेला, सौ. वर गेली, मग दोघंही डाव्या बाजूला गेलो. लिफ्ट थांबली. डोंगरावरची सगळी लिफ्ट. वर रांगेने टांगलेली दहाबारा माणसं मागे वळून पाहू लागली. मोठ्या ठिकाणी अशा वेळी काय झालं असतं, याची मला कल्पना आहे. रांगेतल्या दोनशे माणसांनी मनातल्या मनात माझं पासपोर्ट रद्द केलं असतं. इथे लिफ्टवाला आपल्या खोपटातून बाहेर आला, दाढीतून हसला, मला काखेत धरून उठवलं, पट्ट्या सरळ केल्या आणि दुसऱ्या फेरीला स्वतः शेजारी चालत आला. पाचव्यांदा पडलो तेव्हा तो मला नावाने हाक मारू लागला होता. माझ्या स्वतःच्या शाखेत मला इतक्या लवकर कोणी ओळखायला लागलं नव्हतं.

आणि सासूबाई. वय बहात्तर, पाचवारी साडी, त्यावर मेहुण्याचा गुडघ्यापर्यंत येणारा कोट, डोक्याला मफलर. "मी वर जाणार," म्हणाल्या. खुर्चीची लिफ्ट थांबत नाही, फिरतच असते. चालत्या खुर्चीत बसायचं. मी म्हटलं, अहो आई, गुडघे. लिफ्टवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं आणि आत जाऊन वेग इतका कमी केला की खुर्ची जवळजवळ उभीच राहिली. मेहुण्याने आईला बसवलं, शेजारी स्वतः बसला, समोरची दांडी खाली ओढली आणि दोघं धुक्यात वर निघून गेले. मायलेकांना नऊ वर्षांत सलग दहा मिनिटं कोणी एकत्र बसवलं नव्हतं, ते एका लिफ्टवाल्याने बसवलं. सौ. खाली उभी राहून पाहत होती. तिचा चष्मा धुरकटला होता. थंडीने धुरकटतो.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. तो मी लपवणार नाही, कारण खातं दोन्ही बाजूंनी जुळलं पाहिजे. छोटी गावं बहुधा खाली असतात, आणि खाली बर्फाचा भरवसा नाही. चौदाशे मीटरांची टेकडी म्हणजे आपल्या महाबळेश्वरएवढी. तिसऱ्या दिवशी आमच्यावर चक्क पाऊस पडला. लाखो रुपये खर्चून पाऊस! हेड कॅशियरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना झालेला आनंद शब्दांत मावणार नाही.

त्या दिवशी सकाळी पोरांना घेऊन मी बेर्ख्टेसगाडेनच्या मिठाच्या खाणीत गेलो. १५१७ सालापासून तिथून मीठ काढतात, आणि आत खाणकामगारांच्या लाकडी घसरगुंड्या आहेत, त्यांवरून पाहुण्यांना खाली सोडतात. पट्ट्या नाहीत, बूट नाहीत, पिझ्झा नाही. बसायचं आणि घसरायचं. मला हा खेळ जमला.

परत आलो तर घरात कुकर लावलेला. पहिल्या दिवशी याच कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला घरमालकीणबाई धावत वर आल्या होत्या, आणि चौथीच्या आत मेहुण्याने त्यांना पटवून दिलं होतं की हे जेवण आहे. आता त्यांना सवय झाली होती. पण कुकरव्यतिरिक्त घरात कसलाच आवाज नव्हता. मेहुणा आणि सौ. टेबलाशी बसले होते. सासूबाई लसूण सोलत होत्या. टेबलावर सोललेल्या लसणाचा ढीग होता, आठ दिवस पुरेल एवढा.

मेहुण्याने सांगितलं होतं की तो जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करतो आहे. जर्मनीने २०२४ च्या जूनपासून जुनं नागरिकत्व ठेवायला परवानगी दिली, पण आपला कायदा दोन ठेवू देत नाही. म्हणजे भारताचा पासपोर्ट परत करायचा. हे तो दीड वर्ष फोनवर सांगायचा प्रयत्न करत होता, पण फोनवर आई विचारायची, जेवलास का, आणि तो म्हणायचा, हो.

"मग घरी यायला तुला व्हिसा लागणार?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही ग आई. ओसीआय कार्ड असतं. कधीही येता येतं."

"कार्ड," सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे दारात दाखवायचं."

मी बँकेचा माणूस. माझ्या डोक्यात आधी आलं की याचं बचत खातं. मग मी गप्प बसलो, आणि मीही लसूण सोलायला घेतला. संध्याकाळपर्यंत पाऊस थांबला नाही. मेंढीकोट खेळलो. सासूबाई आणि मेहुणा भिडू होते. सासूबाईंनी तीन कोट लावले आणि शेवटी, पत्ते पिसता पिसता, म्हणाल्या, "अर्जावर आईचं नाव लिहावं लागतं का रे?" तो म्हणाला, लागतं. "मग नीट लिही. तुझं इंग्रजी अक्षर घाण आहे."

हे माहितीपत्रकातल्या दीड तासात कुठे बसवायचं, ते कोणीतरी मला सांगावं. शहरदर्शनाच्या आधी की नंतर?

बर्फाचं म्हणाल तर भीती खरी आहे, आणि ती आमच्यापेक्षा त्या गावांना जास्त आहे. फ्रान्समध्ये अबोंदान्स नावाचं गाव आहे. नावाचा अर्थच समृद्धी. २००७ साली तिथल्या लिफ्ट बंद पडल्या, पुढे पुन्हा कशाबशा चालू झाल्या. ला सांब्युईच्या २०२३ साली बंद झाल्या. बर्फ कमी, हंगाम आखूड, विजेचं बिल तेवढंच. मोठ्या ठिकाणांना उंची आहे आणि भांडवल आहे; छोटं गाव आपल्याकडच्या छोट्या पतपेढीसारखं, चार खातेदार फिरकले नाहीत की दाराला कुलूप. काहींनी डोकं चालवलं. सास-फे या स्वित्झर्लंडमधल्या गावाने २०१६ साली सांगितलं, ९९,९९९ लोक आधी पैसे भरत असतील तर अख्ख्या हंगामाचा पास २२२ फ्रँकला देतो. बाटाच्या चपलेची किंमत ठरवणाऱ्याचा तिथे हात असावा. २०१७ साली पश्चिम स्वित्झर्लंडच्या पंचवीस ठिकाणांनी, बहुतेक कोणी नाव न ऐकलेल्या, मिळून एकच हंगामी पास काढला. याला आपण भिशी म्हणतो. आमच्या शाखेत बायकांची गेली बावीस वर्षं चालू आहे आणि आजवर बुडालेली नाही.

तेव्हा टिटलिसवाल्यांना माझं सांगणं एवढंच की तुमच्या एका तिकिटावाचून टिटलिसचं काही अडणार नाही. आमच्या लिफ्टवाल्याचं अडतं. आम्ही निघालो त्या दिवशी त्याच्या लिफ्टवर आम्ही सात-आठच माणसं होतो, आणि तरी त्याने मला विचारलं की पुढच्या वर्षी आजी येणार ना.

हा सगळा खुलासा मी हेड कॅशियरांना तोंडी दिला, दोन दिवसांत, लंचटाइममध्ये, कारण त्यांचं जेवण फार सावकाश असतं. ते काही बोलले नाहीत. टिटलिसचा त्यांचा फोटो त्यांच्या काउंटरच्या काचेखाली आहे, तो त्यांनी रुमालाने पुसला. शुक्रवारी रोकड जुळल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

"तो लिफ्टवाला," ते म्हणाले, "खरंच हळू करतो का हो?"

"करतो."

"नाही, आमच्या मातोश्रींचे गुडघे..." त्यांनी खिशातून पैसे काढायची एक कोरी स्लिप काढली, ती उलटी केली आणि पेन उघडलं. "काय म्हणालात नाव? राम... पुढे काय?"